नववी पायरी

हातखंब्याला मुंबई-गोवा रस्त्यावरून रत्नागिरीचा फाटा फुटतो, त्या फाट्याच्या जरा अलीकडे शालनची खानावळ आहे. वर पत्रा, पुढे लाकडी बाकं, मागे राहायची एक खोली. ट्रकवाले, एसटी बदलायला उतरलेली माणसं, रस्त्याच्या कामावरचे मजूर तिच्याकडे जेवतात. कोणी विचारलं, मावशी गाव कुठलं, तर ती म्हणते, "हेच."

दिवाळी नुकतीच सरली होती. भर दुपारी एक जीप थांबली आणि तिच्यातून तिघं उतरली. पुढून देवरूखच्या कॉलेजात शिकवणाऱ्या रेणुका मॅडम आणि उन्हाने लाल झालेली एक उंच गोरी बाई. मागून उतरला भागोजी. भागोजी पाचकोंडचा. देवरूखच्या वर डोंगरात ते गाव आहे, आणि त्याच गावाने वीस वर्षांपूर्वी शालनला बाहेर काढलं होतं. भागोजी तेवढा जातायेता तिच्या हातचं खायचा आणि न विचारता गावच्या बातम्या सांगायचा.

"आज कुठे दौरा?" शालनने ताटं मांडत विचारलं.

"दौरा कसला गो बाय! ह्या मॅडम आमच्या गावाचं सुख मोजायला आल्यात. मी त्यांना घरं दाखवतो."

शालन हसली. तिला वाटलं, भागोजी नेहमीसारखं काहीतरी फेकतोय. पण रेणुका मॅडमनी मान डोलावली. "खरंय मावशी. ह्या आइनो. फिनलंडच्या. वेगवेगळ्या देशांत माणसं कशाला सुख म्हणतात त्याचा अभ्यास करतात. आम्ही माणसांना शिडीचं चित्र दाखवतो. सगळ्यात वर दहा, म्हणजे तुमच्या मनातलं सगळ्यात चांगलं आयुष्य. सगळ्यात खाली शून्य. आणि विचारतो, आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?"

"मग काय म्हणाले आमच्याकडचे?"

"बरेचसे म्हणाले पाच. बरं चाललंय असं सांगावं, जास्त सांगितलं तर दृष्ट लागते. एक आजी तर म्हणाल्या, माझं वेगळं कुठलं आलं? मुंबईहून लेकाचा फोन आला तर सात, नाही आला तर दोन. आता हे कसं लिहायचं, त्यावर आम्ही गाडीत भांडत होतो."

आइनो काहीतरी बोलली आणि रेणुका मॅडमनी सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांचा देश दरवर्षी सुखी देशांत वरती येतो आणि दरवर्षी तिथल्याच लोकांना नवल वाटतं. त्यांच्या आईला विचारलं तर ती आठ सांगते. का, तर आजारी पडलं तर कोणाचे पाय धरावे लागत नाहीत, आणि विचारल्याशिवाय कोणी अंगणात पाऊल टाकत नाही."

"अंगणात कोणी येत नाही, आणि त्याला सुख म्हणतात?" शालन म्हणाली. आइनोला ते सांगितल्यावर ती मोठ्याने हसली आणि तिने आमटी आणखी मागून घेतली.

"पण आमच्या सखारामदादानं नऊ सांगितलं," भागोजी मध्येच म्हणाला.

"भागोजीकाका, कोणी काय सांगितलं ते असं बोलायचं नसतं," रेणुका मॅडम चिडल्या.

"मी काय चोरून ऐकलं? देवळात सगळ्या माणसांसमोर छाती काढून बोलला तो. म्हणाला, लिवा नऊ. एक पायरी देवाला ठेवली."

शालनने भाकरी तव्यावरून उतरवली. तिचा चेहरा काही बदलला नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हे एकदाच विचारता?"

"नाही, पुढच्या वर्षी परत येणार. त्याच माणसांना, तोच प्रश्न."

"आणि कोणाची पायरी घसरली असली तर?"

"तर तसं लिहायचं," रेणुका मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगता का तुमची?"

"माझं कशाला विचारता?" शालन म्हणाली आणि भांडी उचलून मागे गेली.

मागे नळाखाली भांडी आपटत ती बराच वेळ उभी होती. नऊ! सखाराम पाच म्हणाला असता तर तिने सोडून दिलं असतं. सहा-सात म्हणाला असता तरी म्हटलं असतं, असू दे, म्हातारा होत चाललाय. पण नऊ? त्यातल्या किती पायऱ्या आपल्या पाठीवर ठोकून बसवल्यात ते काय त्याला ठाऊक नव्हतं? आणि वरून देवालाही वाटा दिला. तिने ठरवलं, पुढच्या वर्षी ह्या बाया येतील तेव्हा त्याला नऊ म्हणता येता कामा नये.

सखाराम भुवड हा शालनचा नवरा. अजूनही कागदोपत्री नवराच. लग्न झालं तेव्हा तो मुंबईत एका कारखान्यात होता. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा, बाकी वर्षभर शालन सासूच्या हाताखाली. घरात सखारामची थोरली बहीण हौसा होती. ती लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. रितेश तीन वर्षांचा झाला त्या साली सखाराम गणपतीला आलाच नाही. पैसे थांबले, निरोप थांबले. शेवटी हौसाच म्हणाली, "जा नि बघून ये. पोराला मी सांभाळते." संध्याकाळी तिने शालनला देवरूखला नेऊन मुंबईच्या रातराणीत बसवलं. भांडुपला दार उघडलं ते एका परक्या बाईने, आणि तिच्या मागे लुंगी गुंडाळलेला सखाराम उभा होता.

त्याने तिथे काही तमाशा केला नाही. शालनला तो गावी घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी देवळात गावकी बसवली. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "माझी बायको एक रात्र घराबाहेर होती. साखरप्याच्या नाक्यावर एका ट्रकवाल्याबरोबर बघितली लोकांनी. आता मी काय करायचं ते गावानं सांगावं." शालन ओरडून सांगत होती, मी गाडीत होते, वन्संना विचारा. गावकीचे प्रमुख असलेल्या गावकरांनी हौसाला विचारलं. हौसाने भावाकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मला काय ठाव न्हाय."

शालनला नेसत्या लुगड्यावर बाहेर काढलं. पोर ठेवून घेतलं. तिने प्रयत्न केले नाहीत असं नाही. दोनदा ती पाचकोंडला गेली, दोन्ही वेळा सासूने वेशीवरूनच परत घालवलं. मग ती देवरूखच्या बाजारात रितेशची वाट बघत उभी राहायची. बारा वर्षांचा असताना एकदा तो शाळेच्या गणवेशात समोर आला. तिने हाक मारली. पोराने तिला ओळखलं, कोणीतरी आधी दाखवली असावी. आणि भर बाजारात तो थुंकला. तिच्या पायांपाशी. "ट्रकवाल्याकडे जा," असं म्हणाला. ते शब्द त्याचे नव्हते हे तिला कळलं, पण थुंकी त्याची होती. त्यानंतर ती गेली नाही.

भांडुपच्या बाईने सखारामला कधीच सोडलं होतं. सासूही वारली होती. सखाराम निवृत्त होऊन गावी आला, चिऱ्याचं नवं घर बांधलं, गावकीत मानाच्या जागी बसायला लागला. रितेश चिऱ्याची गाडी चालवायचा आणि बाप म्हणेल ते करायचा. हे सगळं भागोजीकडून शालनला कळत होतं. आता तिने ते नव्याने मनात मांडून बघितलं. घर तिला पाडता येणार नव्हतं. पण ते घर दोन खांबांवर उभं होतं, गावातला मान आणि पोरगा. आणि दोन्ही खांब एकाच खोट्यात रोवलेले होते.

थंडीत भागोजी सांगत आला, "हौसाला आता दिसत न्हाय गो. मोतीबिंदू. चुलीत हात घातला परवा. दादा म्हणतो, शिमगा झाल्यावर बघू."

"वन्संना सांग, मी नेते दवाखान्यात," शालन म्हणाली.

भागोजी तिच्याकडे बघतच राहिला. "तू?"

"मी. वन्संना म्हणावं, घरात सांगा, पालीच्या मावसबहिणीकडे चाललेय."

हौसा आली. भागोजीने तिला गाडीतून उतरवून बाकावर बसवलं. हाताने बाक चाचपत ती म्हणाली, "शालन, खरंच तूच ना गो?" शालनने पाण्याचा तांब्या तिच्या हातात ठेवला. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्यात थेंब घालायचे. शालनने तिला मागच्या खोलीत ठेवून घेतलं. तिला न्हाऊ घातलं, भात कालवून दिला, वेळेवर थेंब घातले. गोड मात्र एक शब्द बोलली नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी हौसाने तिचा चेहरा जवळ घेऊन नीट बघितला. "तू पण म्हातारी झालीस गो."

"झाले."

"माझी एवढी सेवा करतेस. ही फुकट न्हाय, मला कळतं."

"नाहीच फुकट," शालन म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे मला काय पाहिजे ते. शिमग्याच्या आधी गावकी बसते. त्यात बोलायचं."

हौसाने पदर सारखा केला. बाहेर गाड्या जात होत्या. "तेव्हा बोलले असते तर त्यानं मला पण तुझ्याबरोबर बाहेर काढलं असतं. मी कुठं गेले असते?"

"मी गेले तिथेच."

"आनि आता बोलले तर? ह्या वयात मला त्या घरात कोन ठेवील?"

"इथे राहायचं. मी जेवते ते जेवायचं. मरेपर्यंत."

हौसाने पुन्हा तिच्याकडे बघितलं, जणू भाव पटतोय का ते पाहत होती. "तू मला माफ केलंयस?"

"नाही," शालन म्हणाली. "पण शब्द दिला तर मोडणार नाही."

"बरं," हौसा म्हणाली. "मग तसंच."

शिमग्याआधीच्या गावकीला पाचकोंडचं देऊळ भरलं होतं. मुंबईहून चाकरमानी आले होते. पालखी कुठल्या वाडीला आधी न्यायची, खांदा कोणी द्यायचा, ह्यावर बोलणं चाललं होतं. यंदा पालखीचा पहिला खांदा रितेशचा, असं गावकरांनी जाहीर केलं तेव्हा सखारामने टोपी सारखी केली आणि चारी बाजूंना बघून घेतलं. तेवढ्यात हौसा दारातून आत आली. बाया गावकीत येत नाहीत, बाहेर सहाणेपाशी, पालखी ठेवायच्या चौथऱ्यापाशी, उभ्या राहतात. शालनही तिथेच उभी होती. वीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या अंगणात आली होती आणि तिच्या आजूबाजूला कोणी उभं राहत नव्हतं.

"मला बोलायचंय," हौसा म्हणाली.

"आत्ता काय गो तुझं?" सखाराम हसला. मग त्याला बाहेर उभी असलेली शालन दिसली आणि त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"ह्याच देवळात मला विचारलं होतं, शालन त्या रात्री कुठं होती. मी सांगितलं, ठाव न्हाय. मी खोटं बोलले. तिला मीच देवरूखला नेऊन मुंबईच्या गाडीत बसवली. हा पोर माझ्या कडेवर होता, तापानं फणफणलेला. ट्रकवाला-बिकवाला कोन नव्हता. ती भांडुपला नवऱ्याला बघायला गेली. तिथं दार कोनी उघडलं ते ह्याला विचारा."

 सखाराम उभा राहिला. "म्हातारीचं डोकं फिरलंय. कोणाकडे राहून आली बघा, तिनंच पढवून पाठवलीय."

"पढवलंय ना," हौसा म्हणाली. "तेव्हा तू पढवलंस, आता तिनं. पण खरं कुठलं ते तुला ठाव हाय."

ती बोलत असताना सखाराम तिच्याकडे बघत नव्हता. तो रितेशकडे बघत होता. आणि बाप आपल्याकडे बघतोय हे रितेशला दिसलं. तो उठला. "बाबा, भांडुपला कोण होती?"

"जुन्या गोष्टी रे ह्या, आता उकरून..."

"कोण होती?"

सखारामने पुन्हा टोपी सारखी केली. रितेश आणखी क्षणभर थांबला, मग माणसांमधून वाट काढत बाहेर आला. शालनच्या अगदी जवळून तो गेला. तिच्याकडे त्याने बघितलंही नाही. खाली रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गावकर घसा खाकरून म्हणाले, "खांद्याचं मग बघू."

परत येताना गाडीत शालन खिडकीशी बसली होती. हौसा पदराने डोळ्याचं पाणी टिपत होती. शालनच्या डोळ्यांसमोर मात्र सारखा एकच चेहरा येत होता, टोपी सारखी करणाऱ्या सखारामचा. ती तो पुन्हा पुन्हा बघत होती. कितीतरी वर्षांत तिला एवढी भूक लागली नव्हती. घरी आल्यावर तिने चांगली भाकरी-भाजी खाल्ली आणि सरळ झोपून गेली.

त्या शिमग्यात रितेशने पालखीला हात लावला नाही. तो पालीला मित्राच्या खोलीवर राहायला गेला. सखारामला कोणी वाळीत टाकलं नाही, तसं आता करता येत नाही. पण देवळात तो बसला की शेजारचा माणूस तंबाखू आणायला उठायचा आणि दुसरीकडे जाऊन बसायचा. भागोजी हे सांगायचा तेव्हा शालन त्याला वरून एक भाकरी जास्त वाढायची.

रितेश तिच्याकडे आला तो बऱ्याच उशिरा, भाताची लावणी संपत आली होती तेव्हा. दुपारी गाडी रस्त्याकडेला लावून तो आला, बाकावर बसला. जेवला.  हात धुतल्यावर तो म्हणाला, "बाजारात मी थुंकलो होतो तेव्हा."

"हो."

"ते तुला आठवतं?"

"आठवतं," ती म्हणाली. खोटं बोलून त्याला सोडवावं असं तिला वाटलं नाही.

"मग एवढी वर्षं गप्प का बसलीस? तासाभरावर तर होतीस. आत्याला आधी का नाही धरलंस?"

ह्याचं उत्तर तिच्याकडे होतं. त्या थुंकीनंतर ती पोरावरही रागावली होती. पण तेवढं तिने सांगितलं नाही. "उशीर झाला खरा," एवढंच म्हणाली. तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. मग येत राहिला. आई म्हणायचा नाही. काहीच म्हणायचा नाही, सरळ बोलायला सुरुवात करायचा.

पुढची दिवाळी सरली आणि रेणुका मॅडम आइनोला घेऊन पुन्हा आल्या. पाचकोंडहून परत जाताना जेवायला थांबल्या. शालनने मुद्दाम सुरमई आणून ठेवली होती.

"नऊवाला किती म्हणाला?" तिने विचारलं.

"मावशी, ते मी सांगणार नाही," रेणुका मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कानावर गावातली हकिकत आली होती हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"बरं, मग दुसरं विचारते. ह्या बाईंनी एवढे देश बघितलेत. एखाद्याचं वाईट झालं म्हणून दुसऱ्याला बरं वाटतं. अगदी मनापासून. पोट भरल्यासारखं. ते तुमच्या शिडीवर कुठे धरता?"

रेणुका मॅडमनी ते सांगितलं तेव्हा आइनो आधी हसली, मग शालनच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. तिने चमचा खाली ठेवला आणि एक लांबलचक शब्द सांगितला. "वाहिंगोनइलो," रेणुका मॅडम अडखळत म्हणाल्या. "त्यांच्या भाषेत ह्याला वेगळा शब्दच आहे. नुकसानीतला आनंद. त्या म्हणतात, तिकडे ह्यावर गमतीने बोलतात, पण शिडीवर हा कधी कोणी विचारलेला नाही. कोणी विचारलं तरी माणसं कबूल करणार नाहीत."

"आणि आपल्यात काय म्हणायचं?"

"आसुरी आनंद म्हणतात."

"असुरांचा कशाला? बाईचा म्हणा," शालन म्हणाली आणि सुरमईचा आणखी एक तुकडा आइनोच्या ताटात टाकला.

संध्याकाळी रितेश आला. चहा घेता घेता म्हणाला, "त्या मॅडमचा फोन आला होता. मला पण विचारलं शिडीचं."

"मग?"

"दोन सांगितलं."

शालनचा हात थांबला. "गेल्या वर्षी किती सांगितलं होतंस?"

"सात."

मागच्या खोलीत हौसा तांदूळ निवडत होती, तिचं सूप थांबलं.  मग शालन म्हणाली, "ते सात खोट्यावर उभे होते."

"होते ना," रितेश म्हणाला. "पण माझे होते." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला ते जास्त लागलं. "मी तुला दोष देत नाही. पण तू बाबांना खाली ओढायला गेलीस ना, तेव्हा मी पण त्याच शिडीवर होतो. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," शालन म्हणाली.

"तरी ओढलीस."

"तरी ओढली. परत वेळ आली तर परत ओढेन. तुला मी चढवीन वर, हळूहळू. पण त्या खोट्यावर नाही ठेवणार."

त्याने कप धुऊन उपडा घातला आणि गेला. त्या दिवशी ती जेवली नाही. पण जे केलं ते चुकलं असंही तिला वाटलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी तिच्यात होत्या, आणि एकीने दुसरीला ढकलून दिलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, सकाळची गर्दी सरल्यावर, सखाराम आला. देवरूखच्या गाडीतून उतरून तो रस्त्यापलीकडे कितीतरी वेळ उभा होता, मग आला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. घरात आता बाईमाणूस नव्हतं ते अंगावरच दिसत होतं. तो बाकावर बसला. "चहा दे."

शालनने चहा दिला. हौसा मागच्या खोलीतून बाहेर आली नाही.

"पोराला सांग, घरी ये म्हणून. माझा फोन उचलत नाय."

"तूच सांग जाऊन," शालन म्हणाली. लग्नापासून तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याने चमकून वर बघितलं.

"यंदा पालखी घरी येईल. दारात उभं राहायला कोनतरी पाहिजे."

"शिडीवाल्या बाया आल्या होत्या ना? किती सांगितलंस?"

सखारामने बशीत चहा ओतला. "नऊ."

शालनला आधी वाटलं, तो तिला डिवचतोय. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "नऊ?"

"माणसं होती समोर," तो म्हणाला.

तेव्हा तिला कळलं की तो आकडा त्याच्या सुखाचा कधी नव्हताच. गेल्या वर्षीही नव्हता. तो समोरच्या माणसांसाठी होता, आणि माणसं बसलेली असतील तोवर तो नऊच राहणार होता. वर्षभर ती जो आकडा खाली खेचत होती तो त्या कागदावर हललाही नव्हता. पण माणूस तिच्या बाकावर बसला होता.

"आता इथे माणसं नाहीत," ती म्हणाली. "आता सांग."

रस्त्यावरून एक टँकर गेला. तो जाईपर्यंत सखाराम गप्प होता. मग म्हणाला, "शिडीच राहिली न्हाय गो. जमिनीवर बसलोय."

"काय? गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. परत सांग."

टँकर केव्हाच निघून गेला होता. तिने पहिल्यांदाच नीट ऐकलं होतं. सखारामला ते कळलं असावं. तरी त्याने पुन्हा सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं, उभ्याने, कमरेवर हात ठेवून.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "झालं तुझं समाधान?"

"नाही. चुकलं हे इथे बोलू नकोस. देवळात बोल. जिथे माझं नाव घालवलंस तिथे, गावकी बसलेली असताना. मी येते ऐकायला. तू बोललास तर मी पोराला सांगेन की तू बोललास. पुढे यायचं का नाही ते तो ठरवील."

सखारामने मान खाली घातली. तिने वाट बघितली. मान वर येईना.

"ते नाय जमायचं," तो शेवटी म्हणाला.

"मग चहा पी आणि जा."

त्याने चहा तसाच ठेवला. रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या रांगा सरेपर्यंत तो उभा राहिला. एकदा पाऊल टाकलं आणि हॉर्न ऐकून मागे घेतलं. हात धरायला कोणी नव्हतं. शालन चुलीपाशी उभी राहून बघत होती. जाऊन त्याला पलीकडे सोडावं असं आपल्याला वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. तो पोचला, थांब्यावर बसला, आणि देवरूखची गाडी येईपर्यंत तिथे बसलेला तिला दिसत राहिला.

रविवारी रितेश आला तेव्हा शालन काही बोलली नाही. हौसानेच सांगितलं, "तुझा बाप येऊन गेला. देवळात बोल म्हणाली ही, तर न्हाय म्हणाला."

रितेशने घास तोंडात घातला, चावला, गिळला. "नाही म्हणाला?"

"न्हाय म्हणाला."

 मग त्याने ताट पुढे केलं. "भात वाढ गो आये," तो म्हणाला, शालनकडे न बघता.

तिने वाढला. थोडा भात ताटाबाहेर सांडला.